परतीचा रकाना

फाइलीचं नाव ‘सूची’. वेळ संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. आकार शून्य बाइट.

फेब्रुवारी २००९ मधल्या त्या रात्री, वीज परत आल्यावर, मी पडद्यावरची ती ओळ कितीतरी वेळ बघत बसले. चार महिन्यांचं काम त्या फाइलीत होतं. आता नाव तेवढं उरलं होतं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा त्यांच्या बदल्या होत राहिल्या, आणि जिथे जातील तिथे ते बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेत. आई बरोबर असे. बायका गात त्या तिच्यासाठी. मास्तर दाराबाहेर बसून बटण दाबत. १९७८ ते १९९२ या काळातल्या १८६ कॅसेट मागे राहिल्या. वेष्टणावर फक्त गाव आणि साल. कोण गातंय हे एकट्या आईला ठाऊक. फितींवर बुरशीचे ठिपके दिसायला लागले तेव्हा मी त्या संगणकावर उतरवायला घेतल्या. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे सहाशेवर एमबी. हेडफोनचा एक कान आईला, एक मला. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची : ही अमक्याची सून, ही विहिरीजवळच्या घरातली, हिला मधे खोकला यायचा बघ.

सुरुवातीला मी हे सगळं फाइलीच्या नावातच लिहायचे. एके दिवशी संगणकाने नाव घ्यायचं नाकारलं : फार लांब आहे. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमांत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात. एकट्या ‘क्ष’ला नऊ. म्हणजे हाती राहतात ८५ खुणा. बाईचं नाव, सासर, माहेर, गाव आणि ओवीचा विषय एवढ्यात बसत नाही. तेव्हा फाइलींना नुसते क्रमांक दिले आणि माणसं सगळी एका सूचीत नेऊन ठेवली. भावाने त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. नवी नोंद केली की तो जुनी सूची रिकामी करून सगळी पुन्हा लिहून काढायचा.

जानेवारीत आई गेली. फेब्रुवारीत मी उरलेल्या नोंदी स्वच्छ करत होते.

माझ्या डिस्कवर तेव्हा ईएक्सटी ३ होती. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कचं तलाठी दप्तर. कुठल्या फाइलीचे तुकडे कुठल्या गटात पडलेत, त्याचे सातबारे तिच्याकडे. रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये लिनक्ससाठी पहिली ईएक्सटी लिहिली, पुढच्याच वर्षी दुसरी आली. २००१ मध्ये स्टीफन ट्वीडी यांच्या कामामुळे तिसरीत जर्नल आलं, म्हणजे फेरफाराची वही. बदल आधी वहीत, मग मूळ दप्तरात. वीज गेली तरी वही वाचून दप्तर जुळवता येतं. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत माझ्यासारख्यांची मशीनं या वहीवर तगली. मला हे कळत मात्र नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मोठी फाइल पुसताना मशीन अडकतं, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ कर्नलमध्ये ईएक्सटी ४ स्थिर म्हणून जाहीर झाली आहे. कुठली डिस्क कशी उघडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत तीनचा आकडा खोडून चार केला, मशीन पुन्हा सुरू केलं. सगळं हलकं, वेगवान वाटलं. नवव्या दिवशी वीज गेली. यूपीएसच्या बॅटरीने वर्षभरापूर्वीच दम सोडला होता.

काय घडलं ते पुढे कळलं. ईएक्सटी ४ लिहायची माहिती लगेच डिस्कवर टाकत नाही. थोडी साठवते, एकत्र जागा शोधते, मग लिहिते. त्यातूनच तिला वेग मिळतो. प्रोग्रॅमने सूची रिकामी केली, हा फेरफार वहीत पाच सेकंदांत चढला. नव्या मजकुराला जागा मिळायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागणार होतं. वीज नेमकी त्या मधल्या वेळात गेली. ईएक्सटी ३ वर असं क्वचितच झालं असतं, म्हणून जगभरचे प्रोग्रॅम निर्धास्त लिहिले गेले होते. त्याच दिवसांत ही तक्रार अनेकांनी केली. ईएक्सटी ४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं, मजकूर खरोखर डिस्कवर उतरला की नाही हे प्रोग्रॅमने मागून घ्यावं, एफसिंक नावाची सोय त्यासाठीच आहे. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. तरीही, फाइल रिकामी करून पुन्हा लिहिली किंवा नव्या फाइलीला जुनीचं नाव दिलं, तर मजकुराला थांबवून ठेवायचं नाही, अशी तजवीज त्यांनी केली आणि ती २.६.३० मध्ये आली. इतरांनी लिहिलेल्या ढिल्या प्रोग्रॅमांची काळजी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. तेव्हा मला राग आला होता. आज त्या दुरुस्तीबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण माझं मुख्य ऋण मिरजेत आहे.

तिथले काका दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. काकू आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. आईच्या दुखवट्याला आले होते, तेव्हा टेबलावर संगणक मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी बघून त्यांनी विचारलं होतं, “हे तू वापरतेस?” म्हणून सूची गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. डिस्क घेऊन गेले, फाइल परत मिळेल या आशेने. त्यांनी पूर्ण दुपार खर्च केली. रिकाम्या झालेल्या जागेत जुन्या सूचीचे तुकडे शोधले. पहिल्या कॅसेटांच्या दोनेकशे ओळी हाती लागल्या. बाकीच्यांवर मी नऊ दिवसांत नवे आवाज लिहून ठेवले होते.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, “तीनवरनं चारवर गेलीस. परत कसं यायचं ठरवलं होतंस?”

मी म्हटलं, “परत? परत कशाला यायचं, काका?”

“तेच विचारतोय की.”

ते रागावले नाहीत. उठून आत गेले आणि एक कव्हर घातलेली दोनशे पानी वही घेऊन आले. नोकरीतली होती. जुनं एक्स्चेंज बंद करून नवं चालू करायच्या रात्रीला त्यांच्या खात्यात कटओव्हर म्हणत. गावाचे सगळे फोन एका मिनिटात जुन्या यंत्रावरून नव्यावर न्यायचे. त्याआधी कित्येक आठवडे दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी. नव्याच्या तारा समांतर ओढलेल्या, त्यावर आपापसात खोटे कॉल लावून बघायचे, हजारोंनी. मध्यरात्रीनंतर, गाव झोपल्यावर, बदल. आणि जुन्या यंत्राचा वीजपुरवठा पुढे कितीतरी दिवस चालू. “दवाखान्याचा फोन लागला नाही तर काय सांगणार? नवीन यंत्र आहे, चांगलं आहे म्हणून?” वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध तांबडी रेघ होती. डावीकडे ‘जाताना’, उजवीकडे ‘परतताना’. उजवा रकाना आधी भरायचा, हा त्यांचा दंडक. ज्या पायरीला परत येणंच शक्य नाही, तिच्याभोवती लाल चौकोन, आणि तिथे थांबून साहेबांची सही.

“तुझं नशीब एक बरं,” ते म्हणाले. “तू नुसतं तीनऐवजी चार लिहिलंस. अजून परत तीन लिहिता येतंय. एक्स्टेंट ही जागा नोंदवायची नवी पद्धत चालू केली असतीस तर ती डिस्क ईएक्सटी ३ म्हणून पुन्हा उघडलीच नसती. तो लाल चौकोन.”

घरी येताना मी स्टेशन रोडवर एक वही घेतली आणि बसमध्येच पहिल्या पानावर तांबडी रेघ मारली.

त्या वहीतला पहिला पूर्ण प्रवास २०११ चा. मी वापरते त्या डेबियन लिनक्सची लेनी ही आवृत्ती जाऊन स्क्वीझ फेब्रुवारीत आली. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं असतात. काकांना त्याचं फार कौतुक. मला त्याच आठवड्यात अपग्रेड करायचं होतं. काका म्हणाले, पहिली दुरुस्ती-आवृत्ती येऊ दे, महिनाभराने काही बिघडत नाही. तोवर रिलीज नोट्स वाच. छापून घेऊन वाच. ती पानं मी छापली आणि पहिल्यांदाच बघितलं की कुणीतरी, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी, माझ्या घरी काय मोडेल याचा आधीच विचार करून ठेवला आहे. जुन्या कर्नलमध्ये साध्या हार्ड डिस्कचं नाव एचडीए होतं, नव्यात ते एसडीए होणार होतं. एफएसटॅबमध्ये जुनं नाव राहिलं तर मशीन आपली डिस्क शोधत बसणार. घरावरचा नगरपालिकेचा नंबर रात्रीत बदलावा तसं. उपाय म्हणून प्रत्येक विभाजनाच्या कायमच्या ओळखीचा लांबलचक यूयूआयडी लिहायचा. शिवाय त्या वेळी कर्नल आणि यूडेव्ह ही जोडी आधी चढवायची, मशीन पुन्हा सुरू करायचं, मग बाकीचं. हा क्रम त्या पानांत लिहिलेला होता. न वाचता घाई करणाऱ्यासाठी तो नव्हताच.

त्या दिवसापासून क्रम ठरला, आणि आजवर फारसा बदललेला नाही. आधी प्रत. प्रत झाली असं मानायचं नाही. तिच्यातल्या दहा फाइली वेगळ्या मशीनवर उघडून ऐकायच्या. मग अर्धवट बसलेलं पॅकेज आहे का, रोखून धरलेलं आहे का, बाहेरच्या भांडारातून काय आणलंय, ते काढून ठेवायचं. डिस्कवर जागा किती ते बघायचं. आवृत्ती ओलांडायची नाही, एकेक पायरीच चढायची. दुरून मशीनवर काम करत असू तर स्क्रीनमध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी चाललेलं काम तुटत नाही. ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा चालू करून पडद्यावरचा प्रत्येक शब्द फाइलीत उतरवायचा. भांडाराचं नाव बदलून आधी साधं अपग्रेड, नवी पॅकेजं न आणता. मग फुल-अपग्रेड, आणि त्याआधी काय काय काढून टाकणार आहे ती यादी वाचायची. वाचायची म्हणजे बोट ठेवून. “हो” म्हणायच्या आधी काका प्रत्येक वेळी चष्मा पुसत. मला आता चष्मा आहे, आणि मीही तेच करते.

ईएक्सटी ४ वर आम्ही पुन्हा गेलो ते तेव्हाच, पण नव्या डिस्कवर, नव्याने आखून. जुनी डिस्क सहा महिने तशीच ठेवून. सूचीचा प्रोग्रॅम मी स्वतः दुरुस्त केला : नव्या फाइलीत लिही, एफसिंक कर, मगच तिला जुनीचं नाव दे.

खरी परीक्षा पुढे आली. २०१५ च्या सुमारास एका कॅसेटच्या मध्यावर मला बारीक टकटक ऐकू आली, जी माझ्या आठवणीत नव्हती. मूळ फीत तोवर वाजण्यापलीकडे गेलेली. आवाज आधीपासून असा होता, की डिस्कवर सडला? सांगता येईना. ईएक्सटी ४ आपल्या दप्तराची तपासणी करते, पण फाइलीच्या आतल्या मजकुराची बेरीज ठेवत नाही. डिस्कने चुकीचे बाइट दिले तर ती तेच पुढे देते. काकांनी त्यावर बटर-एफएस या फाइल सिस्टिमचं नाव काढलं. ख्रिस मेसन यांनी ते २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना सुरू केलं. ओहाद रोदेह या संशोधकाने मांडलेल्या, बदल करताना जुन्या पानावर न खोडता नवीन पानावर लिहिणाऱ्या बी-ट्रीवर ते उभं आहे. ते मजकुराच्या प्रत्येक ठोकळ्याची बेरीज जपतं, वाचताना ताडून बघतं. दोन डिस्कांवर प्रती असतील तर बिघडलेली चांगलीवरून दुरुस्त करतं. एकच डिस्क असेल तर निदान खोटं सांगत नाही, वाचता येत नाही असं कबूल करतं. मार्च २००९ मध्ये, माझी सूची गेल्यानंतर महिन्याभरात, ते मुख्य कर्नलमध्ये आलं होतं. ओपनसूसे या लिनक्स वितरणाने २०१४ मध्ये मूळ विभाजनासाठी तेच नेमलं.

मी घाबरले होते. एकदा नव्याने दगा दिल्यावर माणूस जुन्याला बिलगतो. काका म्हणाले, “विश्वास ठेव म्हणत नाही. खोटे कॉल लावू.”

त्यांच्या मागच्या पडवीत एक जुनं मशीन मांडलं. दोन डिस्कांवर बटर-एफएस, रेड १, म्हणजे तोच मजकूर दोन्हींवर. माझ्या तीस कॅसेटच्या प्रती त्यावर आणि प्रत्येकीची शा-२५६ बेरीज कागदावर. मग लेखन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद. पुन्हा चालू, बेरजा ताडा, वहीत नोंद. पावसाळाभर, दर रविवारी, असं ४० वेळा केलं. प्रत्येक वेळी मशीन उठलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं लेखन काही वेळा गेलं, कारण बटर-एफएस आपला हिशेब नेमाने दर ३० सेकंदांनी पक्का करतं; त्याआधीचा एकही बाइट हलला नाही. मग काकांनी एका डिस्कवर मुद्दाम, फाइल सिस्टिमच्या पाठीमागून, शंभर ठिकाणी कचरा लिहिला. स्क्रब चालवलं, म्हणजे सगळ्या बेरजा पुन्हा ताडून बघायला लावल्या. त्याने चुकीच्या जागा शोधल्या आणि दुसऱ्या डिस्कवरून सगळ्या भरून काढल्या. हाच खेळ ईएक्सटी ४ वर केला तेव्हा कुणी काही बोललं नाही. बेरजा ताडल्या नसत्या तर कळलंच नसतं.

एक डिस्क मात्र नापास झाली. यूएसबीच्या स्वस्त डबीतली होती. तिसऱ्यांदा बटण बंद केल्यावर तिच्यावरचं बटर-एफएस उघडेना; ट्रान्सआयडी जुळत नाही म्हणून अडून बसलं. ‘लिहिलं’ असं सांगून ती डबी प्रत्यक्षात लिहीत नव्हती. मी निराश झाले, काका खूश. “हे पडवीत कळलं. बैठकीत कळलं असतं तर?” रेड ५ आणि ६ च्या पानावर त्यांनी मोठी फुली मारली, बटर-एफएस बनवणारे स्वतःच ते रोजच्या वापरासाठी नको म्हणतात. आणि डिस्क काठोकाठ भरू द्यायची नाही, हे पानाच्या वरच, कारण तिथे पुसायलाही आधी नवीन जागा लागते.

वर्षभर पडवीत चालल्यावर ते माझ्या घरी आलं. मूळ प्रणाली एका उपखंडात, माझं काम दुसऱ्यात. अपग्रेडच्या आधी मूळ उपखंडाचा स्नॅपशॉट, जो क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही खात नाही. परतीचा रकाना एका आज्ञेत भरला, असं मला वाटलं. २०१७ मध्ये डेबियनच्या जेसीवरून स्ट्रेचवर गेले, माझं ध्वनिमुद्रणाचं यंत्र मुकं झालं, म्हणून मी स्नॅपशॉटवर परत आले. मशीन अर्धवट उठलं. ना नेटवर्क, ना आवाज. बूटचं विभाजन वेगळं होतं, ईएक्सटी ४ वर. स्नॅपशॉटमध्ये ते नव्हतंच. कर्नल नवा ४.९ आणि त्याची मॉड्यूलं जुन्या ३.१६ ची. बूटमध्ये जागा हवी म्हणून जुना कर्नल मी आदल्या दिवशी पुसला होता. काका सिटी बसने पेनड्राइव्ह घेऊन आले, त्यावरून मशीन उठवलं आणि जुना कर्नल पुन्हा बसवला. जाताना माझ्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : बूटची प्रत वेगळी.

दुसरं एक वाक्य त्यांनी त्याच दिवशी लिहिलं : स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. म्हणून दर पंधरवड्याला बटर-एफएस सेंडने फक्त बदललेला भाग एका डिस्कवर घ्यायचा आणि ती डिस्क मिरजेला न्यायची, तिथली आणायची. बसमध्ये मांडीवर रुमालात बांधलेली डिस्क असायची. पर्समध्ये घालायला मन धजत नसे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आमच्या गावभागात आली. २००५ ला पाणी पायरीपर्यंत येऊन थबकलं होतं, त्या हिशेबाने मशीन उचलून टेबलावर आणि टेबल पलंगावर ठेवून आम्ही बाहेर पडलो. पाणी त्यावरून गेलं. सात दिवसांनी दार ढकललं तेव्हा भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या खांद्यापर्यंत होती. मूळ कॅसेटही गेल्या. दोन डिस्का, त्यांच्यावरच्या प्रती, सगळे स्नॅपशॉट, एकाच गाळात.

मी मिरजेला गेले तेव्हा काकांनी काही विचारलं नाही. टेबलावर रुमालात बांधलेली डिस्क होती. नव्या मशीनवर ती उतरवायला रात्र लागली. सकाळी बेरजा ताडल्या. सगळ्या जुळल्या. मी रडत होते आणि काका म्हणाले, “आता दहा ऐक.” ऐकून बघितल्याशिवाय प्रत झाली असं मानायचं नाही, म्हणून आम्ही ऐकत बसलो. सातवी की आठवी फाइल असेल. काकू भाजी निवडत होत्या, हात थांबला. “ही आमच्या वाड्यातली,” म्हणाल्या, आणि नाव घेतलं. काकूंचं माहेर कवठेमहांकाळकडचं आहे, हे मला दहा वर्षं माहीत होतं आणि कधी सुचलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी चार आवाज ओळखले. सूचीत नावांच्या जागी दहा वर्षं प्रश्नचिन्हं होती. चार जागी नावं आली.

काकांच्या बऱ्याच दंडकांना मी नियम मानत गेले, पण त्यांनी स्वतः तसं मानलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये हे मला नीट कळलं. नव्याला भिऊन जुन्याला धरावं, असं मी अजूनही कुठेतरी समजत होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये, ज्याच्या भरवशावर लोक वर्षानुवर्षं निर्धास्त आहेत, फाइलींत मधेच शून्यं येण्याचा दोष सापडला. तो मुळात फार जुना निघाला. आणि ९ डिसेंबरला डेबियनला बुकवर्मची १२.३ ही दुरुस्ती-आवृत्ती ऐनवेळी रोखावी लागली, कारण तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये डेटा बिघडवणारा दोष होता. कशात? ईएक्सटी ४ मध्ये. पुढच्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्यात आणली गेली, तिच्या आधी असायला हवी होती ती दुसरी राहून गेली. दुसऱ्याच दिवशी १२.४ आली. काकांना फोन केला. दुरुस्ती-आवृत्तीची वाट बघायची हा दंडक तुमचाच, आणि इथे दुरुस्ती-आवृत्तीच रोखली, असं म्हटलं.

“मग तो खोड की,” ते म्हणाले. “दुरुस्ती आल्यावर आठ दिवस, असं लिही. रकाना तेवढा खोडू नकोस.”

गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात, डेबियनची ट्रिक्सी आली. काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. नजर मधोमध गेली आहे. कडेने माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. त्यांचं मशीनही आता मीच सांभाळते. पहिली दुरुस्ती-आवृत्ती आली, वर आठ दिवस गेले, तेव्हा मी वही घेऊन मिरजेला गेले. पडवीत खुर्च्या टाकल्या. काकू आत काहीतरी तळत होत्या. मी डावा रकाना वाचायला लागले, ते म्हणाले, “उजवा आधी.”

मी उजवा वाचला. प्रत कुठे, ती कधी ऐकली. स्नॅपशॉटचं नाव. भांडाराच्या जुन्या फाइली कुठे ठेवल्यात. टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या जागेत काही राहिलंय का, कारण ट्रिक्सीत ते आता मेमरीत जातं आणि मशीन बंद झालं की पुसलं जातं. त्यांनी मान हलवली. सहावी ओळ वाचली. मग आठवी.

“सातवी?”

सातव्या ओळीत डावीकडे लिहिलं होतं : बूटमध्ये जागा कमी, जुने कर्नल काढणे. उजवीकडे काही नव्हतं.

मी थांबले. काका कडेच्या नजरेने माझ्याकडे बघत होते.

“पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे,” ते म्हणाले. “डावीकडच्या.”